सुईला कुंकू

साताऱ्याच्या आमच्या घरी कुणी पहिल्यांदा आलं की बैठकीच्या खोलीत भिंतीपाशी थबकतं. भिंतीत लोखंडी कंस ठोकून त्यावर काळ्या कडाप्प्याची जाड फरशी बसवली आहे आणि फरशीवर माझं टर्नटेबल आहे, रेकॉर्ड वाजवायचं. दुधी रंगाची जाड थाळी, तिच्या कडेनं जाणारा रबरी पट्टा, बाजूला सुई धरणारी चांदीसारखी दांडी. पाहुणा बघतो आणि माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणतो, "साहेब, शौक भारी आहे हां तुमचा!" तोवर मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आलेली असते. आमचे हे हसतात. "चाललंय आपलं," म्हणतात. खोटं बोलत नाहीत. नुसतं हसतात.

ह्या हसण्याचा मला इतका राग येतो की ट्रेमधले कप वाजतात.

सुरुवातीलाच सांगते. शांतपणे लिहीत असेन तेव्हा मी 'हे' लिहीन. डोकं फिरलं की 'नवरा' लिहीन. वाचणाऱ्यानं समजून घ्यावं.

ते टर्नटेबल माझं आहे. मी घेतलं, मी लावलं, मी सांभाळते. मी साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तपासणी विभागात नोकरी केली. यंत्रावरून उतरलेला भाग मापात आहे का हे बघायचं काम. केसाच्या जाडीचाही काही भाग मोजणारी मापकं माझ्या हातात असायची आणि आमच्या विभागाचा एक कायदा होता, जिचं मापक तिनंच हाताळायचं. दुसऱ्याच्या मापकाला हात लावला की वरिष्ठ सगळ्यांसमोर बिनपाण्यानं करायचे. त्या कायद्याची सवय माझ्या हाडात मुरली. निवृत्त झाल्यावर बायका काशीला जातात, मी पुण्याला गेले आणि एका सद्गृहस्थांकडून हे यंत्र घेऊन आले. ते परदेशी मुलाकडे चालले होते. यंत्र देताना, हे शेजारी उभे असूनही, त्यांनी सगळं माझ्याकडे बघून सांगितलं, एवढ्यासाठी मी त्यांना जन्मभर दुवा देईन.

ह्या यंत्राचं करावं लागतं, हे पाहुण्यांना माहीत नसतं. फरशी सपाट आहे का ते गवंड्याची लेव्हलची बाटली ठेवून अधूनमधून बघायचं, कारण खालच्या रस्त्यावरून एसट्या जातात आणि भिंतसुद्धा हळूहळू आपली जागा सोडते. पट्टा काढून कोरड्या कपड्यानं पुसायचा, बोटाचं तेल त्याला लागू द्यायचं नाही. थाळीच्या मधल्या दांड्याखाली बेअरिंग असतं, त्यात ठरावीक पातळ तेलाचे मोजके थेंब. रेकॉर्ड डिस्टिल्ड वॉटरनं धुवायची, खोबणीच्या दिशेनं, आणि ताटाळ्यात ताटं ठेवतात तशी उभी करून वाळवायची. आणि सुई. सुई म्हणजे हिऱ्याचा कण, डोळ्यांना न दिसणारा, केसासारख्या नळीच्या टोकाला चिकटवलेला. ती साफ करायची मऊ ब्रशनं, मागून पुढे, फक्त मागून पुढे. आडवा ब्रश फिरला की नळी वाकते आणि खेळ खलास. मी ते करताना श्वास रोखून धरते. हे तेव्हा पेपर वाचत असतात.

माझी काही तक्रार नव्हती. ह्यांना गाणं आवडतं, ते ऐकतात, डोळे मिटून मान डोलावतात. त्यांनी सुई सांभाळावी असं मी कधी म्हटलं नाही. एकच म्हणणं होतं. कुणी 'तुमचा' म्हटलं की 'हिचा' म्हणा. दोन अक्षरं. कितीदा सांगितलं. "अगं, माझं-तुझं काय त्यात, घरातलीच वस्तू," हे त्यावर त्यांचं उत्तर. बरं, स्वयंपाकघरातला मिक्सर घरातलाच, पण कुणी 'साहेब, मिक्सर भारी आहे हां तुमचा' असं म्हणालेलं मी अजून ऐकलं नाही.

एका वर्षी नवरात्रात माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून मी सांगलीला माहेरी होते. दसऱ्याला परस्पर कुंडलला यायचं ठरलं होतं. कुंडल हे माझं सासर. तिथं धाकटे दीर शेती बघतात. ते फौजेत हवालदार होते, पेन्शन घेऊन गावी आले आणि आता ऊस, द्राक्षं आणि गावातल्या सगळ्यांना शिस्त लावणं अशी त्यांची तीन कामं आहेत. खंडेनवमीला त्यांच्याकडे मोठी पूजा असते. ट्रॅक्टरची पान्ह्यांची पेटी, कोयते, फवारणीचा पंप, मोटारीचा स्टार्टर, घरातली जुनी तलवार, सगळं धुऊन, तेलाचा हात फिरवून सोप्यात मांडतात. हळदकुंकू, झेंडू, नारळ. दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत त्यातल्या कशालाही कुणी हात लावत नाही.

दसऱ्याच्या सकाळी मी एसटीनं उतरून घरी गेले. चपला काढता काढता सोप्यात नजर गेली. कोयते होते, तलवार होती, फवारणीचा पंप होता. आणि पंपाच्या शेजारी पाटावर माझं टर्नटेबल होतं.

आधी मला कळलंच नाही. वाटलं, कुणीतरी तसंच दुसरं आणलंय. मग दुधी थाळीवर हळदीची पाच बोटं दिसली. थाळीच्या मधोमध सुपारी. अक्षता थाळीच्या फटीत गेलेल्या. सगळ्या यंत्राला गोडेतेलाचा हात फिरवलेला, पट्ट्यासकट. आणि दांडीवर झेंडूची माळ, भरघोस, ओली, दांडीला खाली ओढणारी. मी खाली बसले आणि चष्मा पुसून सुईकडे पाहिलं. सुईची टोपी काढलेली होती. हिऱ्याच्या जागी कुंकवाचा एक ओला गोळा होता आणि ती केसासारखी नळी बाजूला मुडपली होती.

हत्याराच्या धारेला कुंकू लावतात. तलवारीच्या धारेला, कोयत्याच्या धारेला. कुणीतरी ह्या यंत्राची धार कुठली ते शोधून काढलं होतं, बरोबर शोधलं होतं, आणि अंगठ्यानं दाबून तिथं कुंकू लावलं होतं.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी ओरडले. सासरी सोप्यात, सणाच्या दिवशी, आवाज चढवून. जाऊबाई हातातलं पुरण टाकून धावत आल्या.

"आवं काय झालं? साप हाय का काय?"

"ह्याला हात कुणी लावला?"

त्यांनी पाहिलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. "व्हय, ही व्हय! आवं, पूजा क्येली की. द्येवाचंच क्येलंय न्हवं? वाईट काय झालं त्यात?"

ह्याला काय उत्तर द्यायचं? कुणी चोरलं असतं, आपटलं असतं, तर भांडता आलं असतं. इथं हात जोडून मोडलं होतं. मी रागावले तर मीच वाईट, देवाधर्माचं न बघणारी, शहरात राहून शेफारलेली. दीर शेतातून आले, त्यांनीही डोकं खाजवलं, "वहिनी, चुकलं असंल तर माफी करा, पर भक्तीनंच क्येलंय," म्हणाले. आमचे हे मळ्यातून सर्वांत शेवटी आले. यंत्र गाडीत घालून कुंडलला त्यांनीच आणलं होतं, भावाला ऐकवायचं म्हणून. साताऱ्यापासून कुंडलपर्यंत किती स्पीडब्रेकर आहेत ते त्या रस्त्यानं जाणाऱ्यांना विचारा. थाळी न काढता, दांडी न बांधता, मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळून.

"सुईला कुंकू कुणी लावलं?" मी विचारलं.

"अगं, सगळेच होते तिथं. पोरंटोरं होती. कुणी लावलं कुणास ठाऊक," हे म्हणाले आणि पाय धुवायला मागे गेले.

मी मनात ठरवलं, दिरांनी लावलं. हत्यारांची हौस त्यांना, पूजेची हौस त्यांना. पुरणपोळी मी गिळली, सोनं दिलं, घेतलं, आणि परत येताना गाडीत यंत्र मांडीवर घेऊन बसले. कराड येईपर्यंत नवरा दोनदा म्हणाला, "एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" दिरांवरच्या रागानं माझं डोकं भणभणत होतं, आणि त्या माणसाला मनातल्या मनात मी जे जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मग सुरू झालं निस्तरणं. पट्टा गेलाच, तेलानं फुगून सैल झाला होता. बेअरिंगच्या तोंडाशी गोडेतेल आणि तांदळाचा चुरा यांची लापशी झाली होती. ती काडीला कापूस गुंडाळून काढली, पुन्हा पुन्हा, कापूस पांढरा येईपर्यंत, आणि मग योग्य ते तेल घातलं. थाळीवरची हळद मात्र निघेना. ही थाळी ॲक्रिलिकची, तिला स्पिरिट चालत नाही, बारीक तडे जातात. साबणाच्या पाण्यानं पिवळेपणा आणखी पसरला. शेवटी साडीवरच्या हळदीच्या डागाला करतो ते केलं, गॅलरीत कोवळ्या उन्हात थाळी ठेवली आणि ऊन चढायच्या आत रोज उचलत गेले. डाग फिका झाला. नीट पाहिलं तर अजून दिसतो.

सुई गेली होती. ती दुरुस्त होत नाही, ती ज्यात बसवलेली असते ते अख्खं कार्ट्रिज नवं घ्यावं लागतं. पुण्याच्या दुकानदाराला मी फोन केला, कोणतं हवं ते सांगितलं, दांडीचं वजन सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "मॅडम, जरा सरांना फोन देता का? म्हणजे नीट बोलता येईल." मी म्हटलं, सर भाजी आणायला गेलेत, आणि त्यांना कार्ट्रिज आणि काडेपेटी यांतला फरकही सांगता यायचा नाही. तरी पार्सल आलं ते नवऱ्याच्या नावानं आलं. मी ते फाडलं तेव्हा कागदाचे बारीक बारीक तुकडे केले.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी मी ते नवं कार्ट्रिज बसवायला बसले. हे काम खेळ नाही. चार रंगांच्या चार तारा, केसाएवढ्या, चिमट्यानं धरून एकेक पिनवर चढवायच्या. मग आखणीचा कागद थाळीवर ठेवून सुईचं टोक त्याच्यावरच्या दोन बिंदूंवर तंतोतंत येतंय का बघायचं, नाही आलं तर स्क्रू सैल करून किंचित सरकवायचं, पुन्हा बघायचं. मग छोट्या काट्यावर सुईचं वजन. जास्त झालं तर रेकॉर्ड खरवडते, कमी झालं तर सुई उड्या मारते. मी भिंग डोळ्याला लावून तिसरी तार चढवत होते, तेवढ्यात दार वाजलं. दार उघडंच होतं. दीर आत आले. साताऱ्याला फौजी कॅन्टीनमध्ये सामान घ्यायला आले की ते आमच्याकडे येतात. हातात गुळाची ढेप होती.

"बसा भावजी," मी मान वर न करता म्हटलं. राग होताच, पण तार हातात होती.

ते समोरच्या खुर्चीवर बसले आणि बघत राहिले. फौजी माणूस, बारीक काम चाललं असताना बोलायचं नसतं हे त्यांना कळतं. तार बसल्यावर मी चिमटा ठेवला तेव्हा म्हणाले, "लय नाजूक काम हाय. दादानं सांगितल्यालं करताय व्हय?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. बहुतेक फार वाईट पाहिलं, कारण ते गडबडले.

"न्हाई, म्हंजी, दादाचं हाय तर त्यानं करावं, असं आपलं म्हनलं. फौजेत आमचं असंच असायचं. ज्याची रायफल त्यानंच साफ करायची. दुसऱ्यानं हात लावला तर दोघान्लाबी सजा. पूजेलाबी माझं त्येच आसतं, ज्याचं हत्यार त्यानंच पुजायचं. म्हून तर त्या दिशी म्या आधी इचारलं हुतं."

"काय विचारलं होतं?"

"ही कुनाचं म्हून. म्हनलं, वहिनीचं आसंल तर ऱ्हाऊ द्या गुंडाळल्यालं, उद्या वहिनी येतील, त्यास्नीच करू द्या पूजा. तर दादा म्हनला, माजंच हाय. मंग म्हनलं, बस गड्या. तवा तो बसला पाटावर. समदं त्यानंच क्येलं. त्याल, हळद, कुंकू, समदं. आमी कुनी बोट न्हाई लावलं, वहिनी. आईची आन. थोरल्या भावाम्होरं त्या दिशी बोललो न्हाई."

स्क्रू-ड्रायव्हर हातात होता, तो पेटीत ठेवला आणि पेटी बंद केली. एवढे दिवस मी ज्या माणसाला मनात शिव्या घालत होते, त्या एकट्यानं विचारलं होतं. माझ्या अख्ख्या संसारात 'हे कुणाचं' असं विचारणारा तो पहिला माणूस, आणि त्याला उत्तर काय मिळालं तर 'माजंच हाय'. आणि नंतर सोप्यात, सगळ्यांसमोर, माझ्या तोंडावर, 'कुणी लावलं कुणास ठाऊक'. भाऊ बिचारा माफी मागून उभा होता आणि हा पाय धुवायला निघून गेला!

दिरांना तेव्हाच सांगता आलं असतं. जिभेवर आलं होतं, भावजी, ते माझं आहे. पण मी बोलले असते तर ते बायकोचं बोलणं झालं असतं, घरातल्या कुरबुरीसारखं. मला ते त्याच तोंडातून हवं होतं ज्या तोंडातून 'माजंच' निघालं होतं. मी चहा केला, दिरांना जेवायचा आग्रह केला, ते थांबले नाहीत, कराडची एसटी धरायची होती. जाताना मी त्यांच्या पाया पडले. ते धाकटे आहेत, असं कुणी करत नाही. "आवं वहिनी, ही काय, ही काय!" करत ते मागं सरले.

नवरा संध्याकाळी फिरून आला. मी खुर्चीत बसून होते, कार्ट्रिज अर्धवट लटकत होतं. त्यानं चपला काढल्या आणि म्हणाला, "झालं का गं? आज ऐकता येईल?"

"भावजी आले होते," मी म्हटलं. "त्यांनी त्या दिवशी तुम्हाला काय विचारलं होतं ते सांगून गेले."

नवरा नेहमीचं हसू आणायला गेला, ते आलं नाही. "अगं, तिथं गावची माणसं बसली होती सगळी. त्यांच्यासमोर बायकोचं आहे म्हणायचं, आणि मग... जाऊ दे ना. त्याला काय कळतंय त्यातलं."

"त्यालाच कळतंय," मी म्हटलं. "तुम्हाला बायकोचं म्हणायची लाज वाटली. बरोबर?"

त्यानं काढलेल्या चपला पुन्हा नीट ओळीत लावल्या.

"फोन लावा."

"कुणाला?"

"भावाला. आत्ता. आवाज मोठा करा, मला ऐकू आला पाहिजे. त्याला सांगा कुणाचं आहे ते."

"आता कशाला? झालं गेलं..."

"लावता, की मी हे यंत्र खाली रस्त्यावर नेऊन ठेवू? एसटीखाली. मग कुणाचंच राहणार नाही."

मी खरंच नेलं असतं. माझा आवाज ऐकून शेजारच्या बाईंनी खिडकी लावून घेतली. नवऱ्यानं फोन काढला. दीर तोवर घरी पोचले होते, मागे टीव्ही चालू होता. नवऱ्यानं विचारलं, नीट पोचलास का. मग विचारलं, ऊसतोड कधी येतेय. मग कारखान्याची टोळी, मग द्राक्षाची छाटणी, मग कुणाचा तरी गुडघा. मी खुर्चीतून उठून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. हात कमरेवर. साठी ओलांडलेला माणूस, कचेरीत हाताखाली माणसं बाळगलेला, एका वाक्यासाठी इतका घाम गाळतो हे बघून मला कीव यायला हवी होती. आली नाही. उलट त्या दोन अक्षरांसाठी मी किती वर्षं कप वाजवत उभी राहिले ते आठवून डोकं आणखी तापलं.

"अरे, ते रेकॉर्डचं मशीन," शेवटी तो म्हणाला.

"व्हय, झालं का दुरुस्त? वहिनी बसल्या हुत्या बघ."

"ते... ते हिचं आहे."

"कुनाचं?"

"तुझ्या वहिनीचं. तिनंच घेतलं, तीच बघते सगळं. मला त्यातलं काही येत नाही. माझं नाही ते."

तिकडे कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला. मला वाटलं, फोन कट झाला. मग दिरांचा आवाज आला, अगदी हळू, रागाचा नव्हे, खरंच न कळल्यासारखा.

"मंग दादा, तू हात का लावलास?"

नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्या हातातल्या फोनकडे बोट केलं. प्रश्न मी विचारला नव्हता.